पाणी घरात शिरते कुठून?

पावसाळा आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बहुधा ठरलेला असतो. डासांसाठी कोणती फवारणी चांगली, पाणी उकळावे की तुरटी फिरवावी, चिखल्यांना कोणते मलम लावावे, असे प्रश्न असतात. यंदाच्या एका पत्रातील प्रश्न मात्र वेगळा आहे. पत्रलेखकांच्या गावाला नदी नाही, जवळपास धरण नाही. तरीही जोराचा पाऊस झाला की तासाभरात त्यांच्या गल्लीतील घरांत पाणी शिरते. दुसऱ्या दिवशी ते ओसरते, पण पुढच्या आठवड्यात घरोघरी जुलाब-उलट्या सुरू होतात. यावर काही औषध आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

औषध आहे, पण ते दवाखान्यात मिळणारे नाही. ते रस्त्याखालच्या मोरीत, गावाबाहेरच्या ओढ्यात आणि ग्रामसभेत शोधावे लागते. ते कसे शोधावे, हे आज पाहू.

पूर निराळा, तुंबलेले पाणी निराळे

पूर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नदी येते. २०१९ साली कृष्णा-पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापुरात शिरले, २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. हे झाले नदीचे पूर. दुसऱ्या प्रकारात नदीचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. पडलेला पाऊस जमिनीत मुरत नाही, वाहून जायला वाट सापडत नाही आणि मग तो सखल जागी साचतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा पाण्याचा निचराच न झाल्याने शहराचे मोठमोठे भाग पाण्याखाली गेले. त्यानंतर तेथे लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. खेड्यातल्या एका गल्लीत गुडघाभर पाणी शिरले तर त्याची बातमी होत नाही, पण आजार तेच असतात.

हे पाणी येते तरी किती? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १० हजार लिटर, म्हणजे उन्हाळ्यात गावात येतो तसा एक मोठा टँकर भरला. एकरावर असे ४० टँकर. समजा गावाच्या वरच्या अंगाला दहा एकर उघडा माळ आहे आणि तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या माळावर १६० टँकर पाणी पडले. त्यातले निम्मे मुरले असे धरले तरी उरलेले ८० टँकर गावाकडे येणार. काळी माती एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि मुरणे आणखी कमी होते. सिमेंटच्या रस्त्यावर तर जवळजवळ काहीच मुरत नाही.

पाण्यामागून येणारे आजार

हे पाणी आकाशातून पडते तेव्हा बऱ्यापैकी स्वच्छ असते. वाटेत त्याला उकिरडा भेटतो, गोठा भेटतो, गटार भेटते आणि शौचालयाचा खड्डा भरून वाहू लागला तर मैलाही भेटतो. असे पाणी कठडा नसलेल्या विहिरीत थेट उतरते. नळाचे पाणीही सुरक्षित राहत नाही. नळ बंद झाला की पाईपमधला दाब जातो आणि गळक्या सांध्यांतून किंवा पाण्याखाली गेलेल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. मग गॅस्ट्रो, विषमज्वर, कावीळ यांना आमंत्रण मिळते. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ‘हिपॅटायटिस ई’ या प्रकारची होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. ही कावीळ एरवी बहुतेकांची आपोआप बरी होते, पण गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती प्राणघातक ठरू शकते.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि पायाच्या भेगा, जखमा, चिखल्या यांतून शरीरात शिरतात. पाणी ओसरल्यावर डासांची पाळी येते. तुंबलेल्या गटारात क्युलेक्स जातीचे डास वाढतात, तर अंगणातल्या टायरमध्ये, डब्यात आणि करवंटीत राहिलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू व चिकुनगुनिया पसरवणारा एडिस वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

या प्रत्येक आजारावर आम्ही डॉक्टर उपचार करतोच. पण दरवर्षी त्याच गल्लीतून तेच रुग्ण येत असतील, तर रोगी म्हणून त्या गल्लीलाच तपासायला हवे.

एका गावाची तपासणी

आमच्या तालुक्यातील एका गावात २०२२ च्या जुलै महिन्यात असेच घडले. खालच्या गल्लीत तीसेक घरे. पाणी शिरून सहा दिवस झाले होते आणि जुलाबाचे रुग्ण येऊ लागले. त्यात लहान मुले जास्त. एका दोन वर्षांच्या मुलीला आणले तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जात होती. ती तालुक्याच्या रुग्णालयात सलाईनवर वाचली. त्या गल्लीची पाण्याची विहीर एकच. तिच्या पाण्याची ओटी चाचणी केली तर पिवळा रंग येण्याचे नाव नाही, म्हणजे पाण्यात क्लोरिन शिल्लकच नव्हते. विहिरीत पावडर टाकली, घरोघरी ओआरएसची पाकिटे वाटली आणि साथ आटोक्यात आली. पण पुढचा जोराचा पाऊस केव्हाही येणार होता.

पाणी कुठून येते, असे विचारले तेव्हा दहा जणांनी दहा उत्तरे दिली. कोणी शेजारच्या आळीकडे बोट दाखवले, कोणी ग्रामपंचायतीकडे, कोणी ढगफुटी म्हणाले. तेव्हा असे ठरले की पाऊस पडत असताना खालून वर चालत जायचे आणि पाहायचे. पुढच्या मोठ्या सरीत आरोग्यसेवक, ग्रामसेवक, गावातले एक गवंडी, गल्लीतली तीन-चार माणसे आणि मी असे निघालो. पाण्याचा प्रवाह जिकडून येतो तिकडे चालत राहायचे, एवढाच नियम होता.

पहिला मुक्काम गल्लीच्या तोंडाशी झाला. तिथला रस्ता सिमेंटचा. जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा थर टाकलेला. गवंड्याने आपली लेव्हलची पारदर्शक नळी लावली. तिच्या दोन्ही टोकांचे पाणी समपातळीत राहते, त्यामुळे लांबच्या दोन जागांची उंची ताडून पाहता येते. रस्ता घरांच्या उंबऱ्यापेक्षा वीतभर उंच निघाला. म्हणजे रस्त्यावरचे पाणी गटारात जाण्याऐवजी घरांकडे उतरत होते.

दुसरा मुक्काम रस्त्याखालच्या मोरीशी. जुन्या माणसांच्या आठवणीत इथे दगडी मोरी होती, माणूस वाकून आत जाईल एवढी. रस्ता रुंद करताना तिच्या जागी एक फूट व्यासाचा सिमेंटचा पाईप बसवला गेला होता. त्याच्या तोंडाशी उसाचे पाचट, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक फाटकी गोणी अडकली होती. पाणी मागे तुंबून आडवे पसरत होते आणि विहीर तिथून वीस पावलांवर होती.

तिसरे उत्तर गावाबाहेर मिळाले. पाणंदीतून पाण्याचा लोट येत होता. पाणंद ही माणसांची आणि बैलगाड्यांची वाट. तिथे ओढा कसा आला? आमच्याबरोबरचे एक आबा उसाच्या फडाकडे हात करून म्हणाले, “डॉक्टर, हितं वगळ हुती. म्हशी डुंबायच्या. आता ऊस हाय.” माळावरचे पाणी पूर्वी त्या वगळीने गावाला वळसा घालून खालच्या ओढ्याला मिळत असे. शेत सपाट करताना वगळ बुजली आणि पाण्याने पाणंद धरली.

बोलणी कशी झाली

उसाच्या मालकाशी दोन वेळा कडाक्याचे भांडण झाले. त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. वगळ त्याच्याच गटात होती, रान सपाट करायला त्याने कर्ज काढले होते आणि रस्त्याखालचा पाईप काही त्याने लहान केला नव्हता. कायद्याचाही विचार झाला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार शेतजमिनीवरील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडवला तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. इथे वगळ बुजून कित्येक वर्षे झाली होती.

शेवटी ग्रामसभेत गवंड्याने काढलेला नकाशा भिंतीवर लावला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. फक्त पाण्याची वाट, उंचसखल जागा आणि पाणी चढलेल्या घरांच्या खुणा होत्या. तो पाहिल्यावर चर्चा माणसांवरून पाण्यावर आली. मालकाने बांधाच्या कडेने चर काढू द्यायचे कबूल केले. चर गल्लीने श्रमदानाने खणायचा आणि दरवर्षी साफही करायचा, असे ठरले. रस्ता जिल्हा परिषदेचा असल्याने मोरीचा प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह तिकडे गेला आणि बऱ्याच खेपा घातल्यावर तिथे दोन फुटी पाईपांची जोडी बसली. इथे एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. उतार तोच असेल तर एक फुटी पाईपच्या जागी दोन फुटी पाईप घातल्यास पाणी दुप्पट नव्हे, सुमारे सहापट जाते. विहिरीचा कठडा वाढवून पाणी चढल्याच्या खुणेच्या वर नेला आणि भोवती बाहेर उताराचा ओटा केला. माळावर उताराला आडवे समतल चर खणले, म्हणजे पाणी थोडे थांबून, थोडे मुरून खाली येते.

२०२३ चा पावसाळा बेताचाच झाला, त्यामुळे परीक्षा झाली ती २०२४ साली. एका रात्रीच्या मोठ्या पावसात पाणी गल्लीत आले, पायरीपर्यंत चढले आणि उतरले. दोन अगदी सखल घरांत ते शिरलेच. कारण रस्त्याची उंची अजून तशीच आहे. पण विहिरीत घाण गेली नाही आणि त्या महिन्यात त्या गल्लीतून जुलाबाची साथ माझ्याकडे आली नाही.

आपल्या गावात काय करावे?

१) पाणी केव्हा, कुठून व किती आले याची वही ठेवा. भिंतीवर पाणी चढले तिथे रंगाने रेघ ओढून तारीख लिहा. मोबाइलवर फोटो काढा. सरळ उभ्या कडांचा रिकामा डबा उघड्यावर ठेवून त्यात साचलेले पाणी पट्टीने मोजले, तर पाऊस किती मिलिमीटर झाला याचा अंदाज येतो.

२) म्हाताऱ्या माणसांना विचारा की पूर्वी पाणी शिरत होते का आणि कोणत्या सालापासून शिरू लागले. त्या साली गावात काय नवे झाले, ते शोधा.

३) तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा नकाशा मिळवा. त्यावर ओढा-नाला सरकारी म्हणून दाखवला असेल, तर त्यावरील अतिक्रमणाबाबत तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

४) मोरी आणि गटारे मे महिन्याच्या अखेरीस साफ करा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा पाहा. पहिला लोट सगळा कचरा वाहून आणतो.

५) नवा रस्ता मंजूर झाला की काम सुरू होण्यापूर्वीच विचारा की जुना थर उकरणार का, बाजूला गटार आहे का आणि त्या गटाराचे पाणी शेवटी कुठे जाणार. पाणी पुढच्या आळीत सोडणे म्हणजे आजार पुढच्या आळीत पाठवणे होय.

६) घरच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून डासांचा त्रास दूर केल्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मात्र शोषखड्डा मोरी-न्हाणीच्या पाण्यासाठी असतो, माळावरून येणाऱ्या लोटासाठी नव्हे. तो विहिरीपासून किमान ५० फूट दूर असावा.

हा विषय १ मेच्या ग्रामसभेत मांडला तर पावसाआधी महिनाभर हाताशी राहतो. पावसाळा सुरू झाला असेल तर वही आणि फोटो घेऊन १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा. गावातील आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे थोडा अबंधित निधी असतो, त्याचीही चौकशी करा.

पाणी शिरलेच तर

घरात पाणी येऊ लागले की आधी विजेचे मेन स्विच बंद करा. पाण्यात उभे राहून मात्र त्याला हात लावू नका. पाण्यात अनवाणी उतरू नका. उतरावेच लागले तर नंतर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पाण्याबरोबर साप घरात येतात, म्हणून अडगळीत हात घालण्यापूर्वी काठीने पाहून घ्या. सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे असे काहीही न करता रुग्णाला सरळ रुग्णालयात न्या.

विहिरीत घाण पाणी गेले असेल तर निर्जंतुक केल्याशिवाय ते पिऊ नका. दर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर हे साधारण प्रमाण आहे. दहा फूट व्यासाच्या विहिरीत तेरा फूट पाणी असेल तर सुमारे ७० ग्रॅम लागेल. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. बादलीत पावडर कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी विहिरीत सोडून ढवळावे. तासाभराने ओटी चाचणी करावी आणि पिवळा रंग आला तरच पाणी भरावे. पावडरीची पिशवी उघडी राहिली तर तिची ताकद जाते. घरी पाणी खळखळून उकळा किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरिनचे द्रावण वापरा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्यावा. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा पाजलेले पाणी पोटात राहत नसेल, तर घरी वाट पाहू नका.

पाण्यात उतरल्यानंतर साधारण महिनाभरात ताप आला, पोटऱ्या फार दुखू लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, तर अंगावर काढू नका. लेप्टोस्पायरोसिसवर सुरुवातीलाच दिलेले औषध चांगले लागू पडते. प्रतिबंधक गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना तर त्या आपल्या मनाने मुळीच देऊ नयेत. आणि दवाखान्यात गेल्यावर, विचारण्याची वाट न पाहता, “मी साचलेल्या पाण्यात उतरलो होतो” हे डॉक्टरांना आधी सांगा. एवढे कळले तरी पुढच्या तपासण्या लवकर ठरतात.